पॅकेज वाढलं, शिल्लक कुठे गेली?

पुण्या-मुंबईत नोकरी लागली की घरात पहिला प्रश्न येतो पॅकेजचा आणि दुसरा घरभाड्याचा. एकातून दुसरं वजा करून माणसं निर्णय घेतात, सामानाचा टेम्पो ठरवतात, आणि सहा महिन्यांनी क्रेडिट कार्डाचं बिल पुढ्यात ठेवून विचारत बसतात की पगार वाढूनही हात आखडता का झाला. जूनमध्ये शाळा सुरू होतात, त्यामुळे उन्हाळ्यात असे निर्णय घरोघरी होतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही हाच विषय पुन्हा पुन्हा येतो.

लहान शहरात कितीतरी गोष्टी आपल्याला नात्यागोत्यातून, शेजारपाजारातून, माहेरच्या शेतातून मिळत असतात. मोठ्या शहरात त्या रोख मोजून घ्याव्या लागतात. त्यांची पावती कधी फाटलेलीच नसते, म्हणून त्या हिशेबात येत नाहीत. आणि एवढ्या एका कारणाने हिशेब चुकतो.

कोल्हापूरच्या एका जोडप्याचा हिशेब मी त्यांच्यासोबत बसून मांडला. तो इथे देतो, कारण आकडे समोर असले की बोलणं नेमकं होतं. नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, क्वालिटी विभागात. हातात ३४ हजार. बायको खासगी शाळेत शिक्षिका, तिचे १४ हजार. फुलेवाडीला स्वतःचं घर, सोबत आई, मुलगी दुसरीत. महिन्याला साधारण २८ हजार खर्च होतो, २० हजार बाजूला पडतात. त्याला चाकणहून बोलावणं आलं, वर्षाला ८ लाखांचं.

८ लाखांना १२ ने भागलं की ६६ हजारांवर आकडा येतो, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच धरला होता. पण पॅकेज म्हणजे पगार नव्हे. त्यात कंपनीने भरायचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटीचे मूळ पगाराच्या ४.८१ टक्के असतात, आणि ‘व्हेरिएबल’ नावाची, वर्षाअखेरीला मिळाली तर मिळणारी रक्कम असते. या ऑफरमध्ये ती ८० हजार होती. मूळ पगार पॅकेजच्या निम्मा. हे सगळं काढलं, मग त्याचा स्वतःचा पीएफ आणि २०० रुपये व्यवसायकर गेला. नव्या कररचनेत या उत्पन्नाला प्राप्तिकर लागत नाही, ती एक चिंता नव्हती. तरी हातात येणारी रक्कम ५० हजारांच्या आसपास राहिली. म्हणजे दर १०० रुपयांमागे ७५. नियुक्तिपत्र हातात आलं की आधी एचआरला दरमहा खात्यात किती जमा होणार हे लेखी विचारा. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

आता खर्चाची बाजू. मोशीत बेताचा फ्लॅट १७ हजारांना मिळत होता. वीज, गॅस, इंटरनेटचे साडेतीन हजार. मुलीची शाळा आणि स्कूलबस मिळून ६ हजार, कोल्हापुरात हे ३ हजारांत भागतं. पेट्रोल ३ हजार. औषधपाणी, सणवार, आल्यागेल्याचे ४ हजार. किराणा, दूध, भाजीचे १४ हजार.

या शेवटच्या आकड्यावर दोघंही अडली. कोल्हापुरात हाच खर्च ९ हजार होता. गहू-तेल पुण्यात एवढं महाग थोडंच आहे? नाही. फरक दुकानात नव्हताच. बायकोचं माहेर आजऱ्याचं. सुगी झाली की घनसाळ तांदळाचं पोतं एसटीच्या टपावरून किंवा कुणाच्या तरी गाडीतून घरी येतं. संकेश्वरी मिरची निवडून, वाळवून, मसाला भाजून वर्षाची चटणी सासूबाई मे महिन्यात करून ठेवतात. दूध गल्लीतल्या गवळ्याचं, महिन्याचा हिशेब महिन्याला. शेजारच्या परड्यातली मेथी, शेवग्याच्या शेंगा यांची तर गणतीच नाही. मुलगी शाळेतून आली की आजीजवळ असते, म्हणून आईला नोकरी करता येते. पाळणाघराचे ५ हजार वाचतात, हे त्या घरात आजवर कुणी बोलून दाखवलं नव्हतं. सासूबाईंनीही नाही.

आणि कोल्हापूरचं घर बंद होत नाही. आई तिथेच राहणार होत्या. या वयात त्यांना मोशीच्या सातव्या मजल्यावर आणून बसवायचं दोघांच्याही मनात नव्हतं. म्हणजे घरफाळा, पाणीपट्टी, वीजबिल, त्यांचा खर्च, वरकामाच्या बाईंचा पगार, असे ५ हजार तिकडे. महिन्यातून दोनदा गावी जायचं तर आणखी ३ हजार. एसटीत २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, त्याने थोडा हातभार लागतो, तरी पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे आणि रविवारी रात्री परतीच्या गाडीत उभं राहण्याची वेळ येते.

बेरीज साडेपंचावन्न हजार. हातात ५० हजार. बायकोची नोकरी सुटलेली. कोल्हापुरात २० हजार शिल्लक टाकणारं कुटुंब पुण्यात दरमहा साडेपाच हजारांनी खाली जाणार, तेही पगार जवळजवळ दीडपट होऊन. तिला तिथे १८ हजारांची नोकरी लागली आणि पाळणाघराचे ५ हजार गेले, तरी शिल्लक साडेसात हजार.

यात मी उभारणीचा खर्च धरलेलाच नाही. तीन महिन्यांचं डिपॉझिट, पहिलं भाडं, एजंटला एक भाडं, टेम्पो. पहिल्या पंधरवड्यात लाखभर रुपये जातात. डिपॉझिट परत मिळतं खरं, पण रंगाचे, सफाईचे कापून. म्हणून भाडेकराराविषयी दोन गोष्टी ठाऊक हव्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘आपण नुसता नोटरीवर करू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मुद्रांकशुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का आहे, डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. शहरी भागात नोंदणीचे १ हजार. १७ हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला सरकारदरबारी दीड हजारांच्या आत-बाहेर खर्च येतो. एजंट चार-पाच हजार मागत असेल तर वरचे पैसे त्याच्या सेवेचे आहेत, हे समजून द्या किंवा देऊ नका.

पाण्याचंही विचारून घ्या. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी येतं. ज्या सोसायट्यांना ते पुरत नाही त्या टँकर मागवतात, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या रूपाने कुणाच्या तरी खिशातून जातोच. घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी आठला जा, म्हणजे नळही कळेल आणि रस्ताही.

रस्त्याचा हिशेब पैशांइतकाच कडक करायला हवा. मोशी ते चाकण अंतर फार नाही, पण शिफ्ट सुटण्याच्या वेळी पुणे-नाशिक रस्त्यावर तासाभराच्या वर सहज जातं. जाऊन-येऊन अडीच तास धरले तर २५ दिवसांत ६२ तास. कामाचे २०० तास धरून महिन्याला २६२ तास तो नोकरीला देणार. गोकुळ शिरगावला वीस मिनिटांत पोचतो, तिथे हाच आकडा २१७ आहे. ३४ हजारांना २१७ ने भागलं की तासाला १५७ रुपये, ५० हजारांना २६२ ने भागलं की १९१. म्हणजे त्याच्या तासाची किंमत वाढली जेमतेम २२ टक्के. मुलीचा अभ्यास घ्यायचा वेळ, तालमीतला वेळ, चार माणसांत बसण्याचा वेळ त्यातून गेला तो वेगळाच. म्हणून माझा ठाम सल्ला आहे की घर एक खोली कमी असलं तरी चालेल, कामाजवळ घ्या. लांब मोठं घर घेणारे त्या घरात फक्त झोपायला येतात.

सरकारी नोकरदारांना वाटतं, आपल्याला घरभाडे भत्ता वाढून मिळतो, आपलं भागेल. केंद्राच्या नियमात पुणे-मुंबई ‘एक्स’ गटात आहेत, कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, सांगली ‘वाय’ गटात. मूळ पगाराच्या ३० टक्के आणि २० टक्के. ४० हजार मूळ पगार असेल तर कोल्हापुरात ८ हजार, पुण्यात १२ हजार. पण स्वतःच्या घरात राहणाऱ्याच्या खिशात ते ८ हजार तसेच राहत होते. पुण्यात १२ हजार मिळून १७ हजार भाडं जातं. बदलीने भत्ता ४ हजारांनी वाढला आणि माणूस १३ हजारांनी खाली आला.

हे वाचून कुणी म्हणेल, मग जायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. शहराच्या बाजूनेही मोठं माप टाकावं लागतं आणि ते मी मनापासून टाकतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीधंद्यात मंदी आली की शिरोलीपासून कागलपर्यंत सगळीकडे एकदम येते, जायला दुसरी जागा राहत नाही. चाकणमधली नोकरी गेली तर तळेगाव, भोसरी, रांजणगाव आहे. बावीस-तेविसाव्या वर्षी, अंगावर जबाबदारी नसताना, कॉट बेसिसवर राहून मेसचा डबा खाऊन जो शहरात काम शिकेल त्याने शिल्लक मोजत बसू नये. त्या वयात शहर जे शिकवतं त्याची भरपाई लहान गावात होत नाही. अशा मुलामुलींनी जावं, आईवडिलांनी अडवू नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नात्यातून मिळणारा हा आधार सगळ्यांच्या वाट्याला कधी आलेलाच नाही. ज्यांच्या नावावर शेत नाही त्यांच्याकडे तांदळाचं पोतं येत नाही. जातीमुळे ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, नवरा गेल्यावर किंवा सोडल्यावर जिच्याकडे गल्ली रोखून बघते, त्यांच्यासाठी शहराचं १७ हजारांचं भाडं महाग नाही. तिथे नाव-गाव न विचारता काम मिळतं, निदान मिळण्याची शक्यता तरी असते. आणि ज्यांना आधार मिळतो तिथेही तो कुणाच्या कष्टातून येतो हे बघायला हवं. चटणीसाठी मे महिन्याच्या उन्हात बसणाऱ्या सासूबाईंचा आणि नोकरी सांभाळून घर ओढणाऱ्या सुनेचा तो घाम आहे. फुकट त्यातलं काहीच नव्हतं.

मुंबईत गेलेल्या आधीच्या पिढ्यांना हे नीट ठाऊक होतं. कोकणातून, साताऱ्या-सांगलीहून गिरणगावात आलेल्या माणसांनी गावकीच्या खोल्या केल्या. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीसजण, पाळ्यांनुसार झोपायचं, भाडं वाटून घ्यायचं, उरलेल्या पैशांची गावी मनिऑर्डर. जेवण खाणावळीत, आणि त्या खाणावळी घरच्या चुलीवर चालवणाऱ्या बायका याच वस्तीतल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या लोकांनी शहर परवडवलं ते गाव सोबत नेऊन. ते जिणं सुखाचं नव्हतं आणि कुणी पुन्हा त्या दाटीत राहावं असं मला वाटत नाही. पण आजही ज्या कुटुंबाचा भाऊ, मावशी किंवा गावचं कुणी आधीच त्या उपनगरात राहतं, त्याचा पहिला वर्षभराचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही कमी होतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. घर शोधताना ते लक्षात ठेवा.

त्या जोडप्याला मी सांगितलं ते असं. नवऱ्याने हवं तर सहा महिने एकट्याने जावं, रूम पार्टनर शोधून राहावं, कंपनी आणि रस्ता दोन्ही पाहावेत. बायकोने तेवढ्यात तिथल्या शाळांत मुलाखती द्याव्यात, पण हातात नेमणूक आल्याशिवाय इथली नोकरी सोडू नये. मुलीची शाळा वर्षाच्या मध्ये तोडू नये. सगळ्या घराने हलायचं तर तिची नोकरी धरून त्याच्या हातात साडेबासष्ट हजार यायला हवेत, तेव्हा कुठे आजची २० हजार शिल्लक टिकते. पॅकेजच्या भाषेत हा आकडा १० लाख होतो. कंपनीकडे तेवढं मागावं. व्हेरिएबलवर विसंबू नये. आणि पहिली दोन वर्षं पुण्यात फ्लॅट बुक करू नये, बिल्डरची स्कीम कितीही चांगली वाटली तरी.

तुमच्याकडेही असं पत्र आलं असेल तर सही करण्याआधी एका रविवारी घरातल्या सगळ्यांना बसवा, आईला आणि सासूबाईंनाही. त्या महिन्याभरात काय काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐका, वहीत लिहा आणि प्रत्येक कामापुढे शहरातला दर टाका. ती बेरीज भाड्याच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय टेम्पोवाल्याला फोन करू नका.