आरोग्यचिंतन : बोटांतील गाठी आणि क्ष-किरणांची साक्ष



माकणीच्या एका वयोवृद्ध भुसार व्यापाऱ्यांना गतवर्षी वहीपूजनाच्या वेळी ‘श्री’ लिहिण्यासाठी लेखणी धरवेना. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर गाठ होती. ती फुटून खडू कालवल्यासारखे पांढरे द्रव्य आले. पू समजून ती चिरली गेली. जखम मात्र भरेना. पुढे आमवाताची औषधे झाली. शाकाहाऱ्याला गाऊट होत नाही, या समजुतीमुळे त्या दिशेने कोणी पाहिलेच नाही.

अखेर हाताचा एक्स-रे बारकाईने पाहिला गेला. हाडाच्या कडेला कोरून काढल्यासारखी गोलसर पोकळी, तिच्यावर आकड्यासारखी झुकलेली हाडाची कड आणि भोवती गाठीची दाट सावली. सांध्यातील अंतर मात्र बरेचसे शाबूत. ही गाऊटची खूण होय. आमवातात ते अंतर लवकर घटते, सांध्यालगतचे हाड विरळ होते आणि विकार बहुधा दोन्ही हातांत सारखाच दिसतो.

तथापि आरंभीच्या काळात एक्स-रे निर्दोष असू शकतो; हाडावर खूण उमटण्यास वर्षे लागतात. अशा वेळी सोनोग्राफीत कूर्चेच्या पृष्ठभागावर युरेट स्फटिकांची चकाकती रेघ दिसू शकते. दुहेरी ऊर्जेच्या सीटी स्कॅनमध्ये हे स्फटिक वेगळ्या रंगात दाखवता येतात. परंतु ही सोय मोठ्या शहरांतच मिळते. गाठीतील वा सांध्यातील द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक आढळणे, हा सर्वांत खात्रीचा पुरावा. झटक्याच्या वेळी रक्तातील युरिक अ‍ॅसिड प्रमाणात आले, म्हणून निश्चिंत होऊ नये.

आपल्या घरांत मांस-मद्य नाही, हे खरे. पण मूत्रपिंडाची मंद गती, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, गोड शीतपेये आणि अनुवंश ही कारणे आहेतच. वृद्ध स्त्रियांच्या बोटांवरील झिजेच्या जुन्या गाठींतही हे स्फटिक साठतात. निर्जल व दीर्घ उपवासात युरिक अ‍ॅसिड वाढते आणि झटका येऊ शकतो. म्हणून ज्यांना हा विकार आहे, त्यांनी पर्युषणापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि महाराजसाहेबांनाही प्रकृती मोकळेपणाने सांगून मग पच्चक्खाण घ्यावे. शक्तीनुसार केलेले तपही तपच आहे.

योग्य औषधाने युरिक अ‍ॅसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली टिकले, तर गाठी हळूहळू विरघळतात. मात्र औषध मनाने थांबवू नये. आणि एक विनंती : जुन्या वह्या जपतो, तसे जुने एक्स-रेही जपून ठेवा. दोन वर्षांच्या फिल्म शेजारी ठेवल्या की रोगाची वाटचाल कळते.