काकू, किती दिवस दिसतं?

आरती झाली होती. आत मोदकांची ताटं फिरत होती. मी कचऱ्याची पिशवी टाकायला पॅसेजमध्ये गेले, तर शेजारच्यांचा सतरा वर्षांचा मुलगा मागोमाग आला.

"काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"ते लघवीच्या टेस्टमध्ये किती दिवस दिसतं?"

'ते' म्हणजे काय, हे कळायला मला दोन-तीन क्षण लागले. जुलैच्या सुट्टीत तो पुण्याला मामाकडे गेला होता. मामेभावाच्या मित्रांबरोबर गच्चीवर तीनदा गांजा ओढला. आता दोन महिन्यांत अठरा पूर्ण होणार, व्हिसाच्या नूतनीकरणासाठी मेडिकल होणार. त्यात सापडलं तर वडिलांची नोकरी, बहिणीची शाळा, सगळंच जाईल असं त्यानं मनाशी धरलं होतं. तीन आठवडे पोराला धड झोप नव्हती.

मी सांगितलं, त्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे काढतात आणि रक्त तपासतात, ते क्षयरोग आणि एचआयव्हीसाठी. त्याचे खांदे सैल पडलेले मला दिसले. मग विचारलं, "घरी सांगितलंस?"

"बाबा म्हणालेत, असलं काही कानावर आलं तर पहिल्या विमानाने पुण्याला पाठवीन."

ज्या पुण्यात त्यानं ते ओढलं होतं, त्याच पुण्याला.

ही धमकी आमच्या इथल्या प्रत्येक घरात दिली जाते. मीही दिली आहे. आपण संयुक्त अरब अमिरातीत व्हिसावर राहतो आणि एकाची चूक चौघांचं घर उठवू शकते, ही भीती खोटी नाही. अंमली पदार्थ कुठेही घेतलेले असोत, अंगात अंश सापडला तरी इथे गुन्हा होतो. दारूचा नियम मात्र हद्दीप्रमाणे बदलतो. आम्ही शारजातल्या अल नहदामध्ये राहतो आणि पलीकडे दुबईचं अल नहदा सुरू होतं. तिकडे एकवीस वर्षांच्या माणसाला परवानगी असलेल्या ठिकाणी बसून पिता येतं, इकडे दारूला पूर्ण बंदी. आमची मुलं ही हद्द दिवसातून चारदा ओलांडतात.

माझा मोठा मुलगा सोळा वर्षांचा असताना तिकडच्या एका वाढदिवसाहून टॅक्सीने आला. दार उघडताच बिअरचा वास आला. मी त्याला बसूही दिलं नाही. पहाटेपर्यंत बोलत राहिले: टॅक्सीवाल्यानं पोलिसात दिलं असतं तर, बाबांच्या कंपनीत कळलं असतं तर, आजीला काय तोंड दाखवू. कुणी दिली, का घेतलीस, कसं वाटलं, आता बरं आहे ना, यातलं एकही मी विचारलं नाही. त्या रात्रीनंतर त्यानं मला स्वतःहून काही सांगितलं नाही. पुढचं सगळं मला दुसऱ्यांकडून कळत गेलं, तेही उशिरा. आज तो तेवीस वर्षांचा आहे, आमचं बोलणं होतं, पण जेवलास का, पाऊस आहे का, एवढंच. ती रात्र मला परत मिळाली तर मी त्याला आधी पाणी देईन.

म्हणून त्या पॅसेजमध्ये मी स्वतःला आवरलं.

एक गोष्ट मात्र मला कितीतरी वर्षं माहीत नव्हती, आणि ती इथल्या प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवी. २ जानेवारी २०२२ पासून इथे अंमली पदार्थांचा नवा कायदा लागू आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात सेवनाला किमान चार वर्षं कैद होती, २०१६मध्ये ती दोन वर्षांवर आली. आता पहिल्या गुन्ह्याला किमान तीन महिने कैद किंवा वीस हजार ते एक लाख दिरहम दंड आहे, आणि हा कायदा आला तेव्हा सेवनाच्या प्रकरणात परदेशी माणसाला देशाबाहेर काढायचं की नाही हे न्यायालयावर सोडलं होतं. त्याच कायद्याचं कलम ८९ सांगतं की व्यसनी माणूस पकडला जाण्याआधी स्वतःहून उपचार मागायला आला, किंवा जवळच्या नातलगानं त्याच्यासाठी मागितले, आणि असेल तो माल जमा केला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अबू धाबीत २००२पासून राष्ट्रीय पुनर्वसन केंद्र आहे. दुबईतल्या केंद्राचं नाव 'इरादा', आपल्याही ओळखीचा शब्द.

एवढा कडक कायदासुद्धा स्वतःहून सांगणाऱ्यासाठी दार उघडं ठेवतो. आम्ही घरात ते लावून घेतो.

आणि पुणे म्हणजे सुरक्षित, हे आमच्या मनात कुठून आलं? १९८६ साली अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई हलले, त्यांच्या मदतीनं त्याच वर्षी डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, ते त्याच पुण्यात. तिथे रुग्णाबरोबर घरच्यांशीही बोलतात, कारण घरच्यांनाही शिकावं लागतं. आम्ही मात्र मुलाला आजीकडे सोडतो, आजीला कारण सांगत नाही आणि परतीच्या विमानात बसतो.

मी त्याला म्हटलं, "आईला आधी सांगू. मी शेजारी बसते." दोन दिवसांनी बसलो. त्याचा आवाज लागत नव्हता. आई रडली नाही, त्याचा हात धरून बसली. वडिलांनी मोबाइल काढला आणि विमानाची तिकिटं बघू लागले. तिनं तो हातातून घेऊन टेबलावर पालथा ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "विमानतळावर तुला बाजूला घेतलं असतं तर मी काय केलं असतं रे?" आणि त्यांना पुढे बोलता आलं नाही. ते पोरगं उठून त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभं राहिलं.

हे मी त्या घराला विचारून लिहिते आहे. लिहा, असं वडीलच म्हणाले.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना खाली पाहिलं. शाळेची बस येऊन गेली होती. पार्किंगमध्ये त्यांची गाडी उभी होती, एसीसाठी इंजिन चालू, पुढच्या दोन सीटवर बापलेक. माझे कपडे घालून झाले तरी गाडी तिथेच होती.