मोडक्या खुर्च्यांचा लिलाव

सरकारी कचेरी असो वा जिल्हा परिषदेची शाळा, तिच्या दप्तरात डेड स्टॉकची एक नोंदवही असतेच. वर्षातून एकदा ती काढावयाची, वस्तू मोजावयाच्या आणि जी निकामी झाली असेल तिच्यापुढे ‘निर्लेखन’ हा शब्द लिहावयाचा, असा शिरस्ता आहे. ‘खुर्ची लाकडी, जुनी, नग ४’ अशी नोंद वहीत असली, तर त्या खुर्च्या कोणत्या लाकडाच्या, कोणत्या घडणीच्या, किती वर्षांच्या, हे तिच्यावरून कळण्याचा संभव नाही. पुढे लिलाव होतो आणि मोडक्या लाकडाचा भाव ठरतो तो जळणाच्या हिशेबाने. माणसारख्या विरळ झाडीच्या मुलखात जळणाला गिऱ्हाईक मिळण्याची चिंता नसते.

वास्तविक या सामानाचा इकडच्या भागाशी आलेला संबंध जुना आहे. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले आणि कंपनी सरकारच्या कारभाराबरोबर इंग्रजी घाटाच्या टेबलखुर्च्याही कचेऱ्यांतून आल्या. तोवर आपला कारकून बैठकीवर बसून, पुढे उतरते मेज घेऊन लिहीत असे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर माणगंगेवर राजेवाडीचा तलाव उभा राहिला. त्या काळी दौऱ्यावरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा मुक्काम तंबूत असे. त्यांच्या सोयीसाठी घडी होणारी टेबले, सुटे करता येणारे पलंग, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारलेल्या पेट्या असा फर्निचरचा एक स्वतंत्र प्रकारच निर्माण झाला होता. संस्थानिकांच्या दिवाणखान्यात तर इंग्रजी कोच ही प्रतिष्ठेची खूण मानली जाई. शेजारच्या औंध संस्थानात, ज्यात आटपाडीही मोडत असे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा रसिक राजा होता म्हणून १९३८ मध्ये तेथे संग्रहालय उभे राहिले आणि कितीतरी उत्तम वस्तू वाचल्या. प्रत्येक गावाच्या वाट्याला असा राजा येत नाही.

इंग्रजी फर्निचरचा इतिहास लाकडाच्या नावांनी सांगण्याची पद्धत आहे. आधी ओक, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात अक्रोड, आणि १७२१ मध्ये अमेरिकेतील वसाहतींच्या लाकडावरची जकात उठल्यानंतर महोगनी. थॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये नमुन्यांचे पुस्तक काढले. १७८८ मध्ये हेपलव्हाइटचे आणि १७९१ पासून शेरेटनचे पुस्तक निघाले. या पुस्तकांमुळे लंडनचा घाट जगभरच्या सुतारांच्या हाती गेला. खुर्चीच्या पाठीची फळी कोरीव जाळीची की ढालीच्या आकाराची, पाय वळणदार की सरळ निमुळता, एवढे पाहून नमुना ओळखता येतो. परंतु नमुना ओळखला म्हणजे वस्तूचे वय कळले असे नव्हे. हे नमुने व्हिक्टोरिया राणीच्या काळात पुन्हा गिरवले गेले आणि आजही गिरवले जात आहेत.

वय कळते ते वस्तू उलटी केल्यावर. दर्शनी बाजू पॉलिशने कितीही फसवू दे, खणाचा तळ आणि बैठकीची आतली बाजू सहसा खोटे बोलत नाही. हातकरवतीच्या खुणा सरळ रेघांत उमटतात. चक्रीच्या करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात, आणि त्या दिसल्या तर वस्तू बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या आधीची नाही. खणाच्या कोपऱ्यातील, कबुतराच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत गुंतवणारे सांधे हाताने कापले असतील तर दाते थोडे विषम असतात. यंत्राने कापलेले एकासारखे एक. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आले. त्यापूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट असे. कुसू खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकली असेल, तर ती खुंटी शतकभराच्या सुकण्याने किंचित वर आलेली बोटाला जाणवते. लाकूड रेषांना आडवे आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून खरोखर जुने गोल टेबल मापून पाहिले तर ते नेमके गोल भरत नाही. शेवटची परीक्षा झिजेची. खुर्चीचे हात तळवा टेकतो तेथे आणि पुढची आडवी पट्टी बूट टेकतो तेथे झिजली पाहिजे. जेथे कोणाचा हातपाय पोचत नाही तेथेही झीज दिसली, तर ती पॉलिशपेपरची करामत समजावी.

हे सारे तपासल्यावर आपल्याकडील पुष्कळसे ‘इंग्रजी’ सामान इंग्लंडचे नसल्याचे आढळून येते. तिकडचे, सरसाने चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याचे सामान इकडच्या उन्हापावसात उकलत असे. म्हणून नमुना साहेबाचा, पण लाकूड सागाचे किंवा शिसवाचे आणि हात इथल्या सुताराचा, असा व्यवहार झाला. शिसवाचा जांभळट काळा रंग आणि वजन हातात घेताच कळते. मुंबईत तर या मिश्रणातून कोरीव काळ्या फर्निचरची एक शैलीच उदयास आली आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात तिचे नमुने मांडले गेले. वेताच्या विणीच्या बैठकीचीही कथा अशीच आहे: सतराव्या शतकात ती पूर्वेकडून इंग्लंडात गेली आणि साहेबाच्या खुर्चीत बसून परत आली. व्यापारी मात्र सरसकट ‘इंग्लिश अँटिक’ म्हणतो, कारण तसे म्हटल्याने भाव चढतो. ज्या कारागिराने ते केले त्याचे नाव कोठेच नाही, ते नाहीच. निदान त्याचा मुलूख तरी त्याच्याकडून हिरावला जाऊ नये.

प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात खुर्च्यांची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. कोणी असेही म्हणेल की ज्या खुर्चीपुढे शेतकऱ्याने हात जोडून उभे राहावे ती जळालेलीच बरी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण कोण बसत होते आणि कोण उभे होते याचा पुरावाही त्या खुर्चीतच आहे. चंडीगढचे उदाहरण ताजे म्हणावे असे आहे. पिअर जानरे याच्या देखरेखीखाली तेथील कचेऱ्यांसाठी झालेल्या साग व वेताच्या खुर्च्या भंगार म्हणून विकल्या गेल्या आणि परदेशी लिलावांत त्यांना लाखोंची बोली लागली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीस मनाई केली, तोवर पुष्कळ माल गेला होता. त्या खुर्च्यांवर रोज बसणाऱ्यांनी त्यांना कधी उलटे करून पाहिले नव्हते.

कायदा आहे. १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमानुसार १०० वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. परंतु कायदा लागू व्हावयाचा तर वस्तूचे वय कोणीतरी आधी लिहून ठेवले पाहिजे, आणि निर्लेखनाच्या यादीत त्याला जागाच नाही. यासाठी नवे खाते नको. १९५० पूर्वीचे वाटणारे लाकडी सामान लिलावापूर्वी महिनाभर बाजूला ठेवावे, वरून व खालून त्याची छायाचित्रे काढावीत आणि ती राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे पाठवावीत. औंधचे संग्रहालय याच खात्याचे असल्याने माण-खटावला दूर जाण्याचेही कारण नाही. शाळेतील चित्रकला शिक्षक आणि गावातील एखादा वृद्ध सुतार यांनी तासभर दिला तरी प्राथमिक छाननी होऊ शकेल. मार्चअखेर आला की कचेऱ्यांच्या फलकांवर लिलावाच्या नोटिसा लागतात. वस्तू, नग आणि किमान बोली या रकान्यांशेजारी ‘लाकूड व घडण’ असा आणखी एक रकाना आखण्यास कारकुनाला पट्टी आणि पेन्सिल पुरेल.