लाल रेषेचा हुकूम आणि अडगळीत गेलेली यंत्रे

#धागा
१/ घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या नवख्या कलावंताला दोन उपदेश हमखास मिळतात. पहिला : आवाजाची पातळी लाल रेषेला टेकेपर्यंत चढवावी, नाहीतर मुद्रण ‘कमजोर’ येते. दुसरा : आवाज फाटू नये म्हणून संगणकात आधीच कॉम्प्रेसर लावून ठेवावा. दोन्ही उपदेश सनातन सत्याच्या थाटात सांगितले जातात. वास्तविक दोहोंना जन्मकाळ आहे, आणि ज्या यंत्रांच्या सोयीसाठी ते जन्मले ती यंत्रे घरोघरच्या मेजांवरून केव्हाच नाहीशी झाली.

२/ कॉम्प्रेसरचे कूळ शोधू लागले की वाट रेडिओकडे जाते. मर्यादेपलीकडचा आवाज प्रक्षेपकात शिरला की प्रक्षेपण विकृत होई आणि शेजारच्या केंद्राच्या लहरींतही घुसखोरी करी. म्हणून एक तंत्रज्ञ सतत बटणावर हात ठेवून बसे : गायक टिपेला पोहोचला की पातळी खाली, कुजबुजला की वर. १९३७ साली आलेल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ११०-ए या यंत्राने त्याच्या कामाचा निम्मा भार उचलला. आवाज ठरलेल्या उंबरठ्याबाहेर गेला की ते त्याला आपोआप दाबी.

३/ तत्त्व आजही तेच आहे. प्रमाण ४:१ ठेवले, तर उंबरठ्याच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज केवळ २ डेसिबल वर जाऊन बाहेर पडतो. पुढे फेअरचाइल्ड ६७०, एलए-२ए, ११७६ अशी एकाहून एक यंत्रे आली आणि त्यांच्या दाबण्याची ढब हीच रसिकांच्या कौतुकाची गोष्ट झाली. ‘जुने मुद्रण नैसर्गिक, कॉम्प्रेशन ही आधुनिक भेसळ’ असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा नजरेखालून घालावा. त्याआधीच्या कर्ण्याच्या काळातही गायक खर्जासाठी कर्ण्याजवळ झुकत आणि तारसप्तकात मागे सरत. कॉम्प्रेसर तेव्हाही होता. फक्त तो दोन पायांवर उभा असे.

४/ मात्र इथे स्थान महत्त्वाचे. रेडिओचा लिमिटर प्रक्षेपकाच्या *आधी* उभा असे, म्हणून तो रक्षण करू शके. संगणकातला कॉम्प्रेसर उभा असतो आवाजाचे आकड्यांत रूपांतर झाल्या*नंतर*. ऑडिओ इंटरफेसमध्येच आवाज फाटला, तर पुढच्या कॉम्प्रेसरच्या हाती फाटलेलाच आवाज येतो. चोर घर धुऊन गेल्यावर दारात पहारेकरी नेमावा, तशातला हा प्रकार. आणि हाच उपाय शेकडो व्हिडिओंतून ‘संरक्षण’ म्हणून शिकवला जातो!

५/ आता लाल रेषा. १९३९ साली बेल प्रयोगशाळा, एनबीसी आणि सीबीएस यांनी मिळून व्हीयू मीटर सिद्ध केला. त्याची सुई पूर्ण चढायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागत. तबल्यावरची टणक थाप तोवर होऊन गेलेली असे. म्हणजे सुई सरासरी दाखवी, शिखर नव्हे. चुंबकीय फितीवर हे चालून जाई, कारण फीत अतिरिक्त आवाज हळूहळू, जवळजवळ प्रेमाने गिळते. उलट हळू मुद्रण केले की फितीची खरखर वर येई. त्या राज्यात सुई लालीपर्यंत नेणे हा शहाणपणा होता.

६/ घरगुती मुद्रणावर तर हे राज्य अधिकच कडक होते. १९७९ मध्ये टास्कॅमने पोर्टास्टुडिओ १४४ आणला : साध्या कॅसेटवर चार मार्ग. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी याच यंत्रावर ‘नेब्रास्का’ची गाणी मुद्रित केली. पुढे ती पूर्ण वाद्यवृंदासह पुन्हा करून पाहिली, पण अखेर कॅसेटच जिंकली. ती तबकडीवर उतरवताना मात्र तंत्रज्ञांची तारांबळ उडाली. संग्रह बाजारात आला ३० सप्टेंबर १९८२ रोजी. दुसऱ्याच दिवशी जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी-प्लेअर विक्रीला आला. फितीचा कायदा त्या दिवसापासून मोडकळीला लागला.

७/ कारण आकड्यांच्या जगात शून्य डेसिबल हे छत आहे. त्याला गादी नाही. डोके आपटले की फुटलेच. कॅसेटवर खरखरीपासून विकृतीपर्यंतचे अंतर ढोबळमानाने ५० ते ६० डेसिबल. सीडीच्या १६ बिटांत सुमारे ९६, आणि आजच्या २४ बिटांत सिद्धांततः १४४. शिखरे उणे १२ वर ठेवली, तर हिशेबात दोन बिटे कमी होतात, २२ उरतात. त्या पातळीला यंत्राच्या खरखरीआधी पंख्याची घरघर ऐकू येईल. ‘कमजोर’ मुद्रणाची भीती ही कॅसेटची भीती आहे.

८/ ‘पण अ‍ॅबी रोडमध्ये तर मुद्रण करतानाच कॉम्प्रेस करीत!’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. मार्ग मोजके, यंत्रे मोजकी, म्हणून निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागे. आणि तो घेणारा कान वर्षानुवर्षे घडलेला असे. आज तोच निर्णय मुद्रणानंतर, हवा तितक्या वेळा बदलता येतो. मर्यादेचे अनुकरण करायचे आणि त्याला परंपरा म्हणायचे, याला इतिहास म्हणत नाहीत.

९/ घाई कशी महागात पडते याचा दाखला २००८ चा. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबलेला निघाला की चाहत्यांनी निषेधाची याचिका काढली. अंतिम संस्कार करणाऱ्या तंत्रज्ञाने सांगितले, हाती आले तेव्हाच ते चेपलेले होते. गंमत अशी, की ‘गिटार हीरो’ या खेळात तीच गाणी मोकळी वाजत होती, कारण तिथे ती सुट्या मार्गांवरून घडवली होती. मूळ साधन शाबूत होते, म्हणून तुलना तरी शक्य झाली. घरी आजीच्या ओव्या मुद्रित करणारा नातू कायमच्या दाबून ठेवतो, तेव्हा असे दुसरे साधन कुठेच नसते. मूळ कागद खरवडून त्यावर ‘शुद्ध प्रत’ लिहिणाऱ्या कारकुनाला इतिहासाचा विद्यार्थी क्षमा करील काय?

१०/ बरे, एवढा मोठा आवाज हवा कुणाला? २००६ च्या बीएस.१७७० मानकाने ऐकू येणारी तीव्रता मोजण्याची रीत घालून दिली. आज स्पॉटिफाय मूळ मांडणीत गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवते. चेपून मोठे केलेले गाणे तिथे खाली ओढले जाते. मोठेपणा जातो, चेपलेपणा तेवढा उरतो.

११/ म्हणून क्रम असा. मुद्रण २४ बिटांत. गायकाने सर्वांत मोठा स्वर लावून दाखवावा. त्याचे शिखर उणे १२ च्या आसपास राहील असा इंटरफेसचा गेन ठेवावा. खऱ्या गाण्याच्या वेळी गायक तालमीपेक्षा चढतोच, त्यासाठी ती जागा. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी, आणि कॉम्प्रेसर त्यानंतर, दुसऱ्या प्रतीवर.