डाग गेला, पॉलिशही गेले

वहीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या नातीच्या हातून नेलपॉलिशची बाटली वडिलांच्या सागवानी मेजावर कलंडली. दुकानाच्या गादीवर बसून वडिलांनी याच उतरत्या मेजावर आयुष्यभर खतावण्या लिहिल्या. मी तिला रागावलो आणि लगोलग रिमूव्हर ओतून कापसाने खसाखसा पुसू लागलो. डाग गेला, पण त्याजागी तळहाताएवढा पांढुरका चट्टा उमटला. किरकोळ तोटा भरून काढण्याच्या घाईत मी मुद्दलच गमावले होते!

याचे कारण साधे आहे. रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असते. ते जसे नेलपॉलिश विरघळवते, तसेच लाकडावरील लेपही बिघडवते. जुन्या सामानावरील फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. त्यामुळे तेथे स्पिरिटही चालत नाही.

म्हणून वाचकहो, क्रम ध्यानी ठेवावा. सांडलेले नेलपॉलिश ओले असेल तर पुसू नये. पुसल्याने ते पसरते. टिपकागद किंवा मऊ कापड वरून अलगद टेकवून टिपून घ्यावे. दर वेळी कापडाची कोरी बाजू वापरावी. वाळले असेल तर मुदत संपलेले प्लास्टिकचे बँककार्ड जवळजवळ आडवे धरून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच खरवडावे. सुरी किंवा ब्लेड वापरू नये. राहिलेल्या पुसट खुणेवर फर्निचरचे मेण घेऊन अतिशय बारीक स्टीलवूल हलक्या हाताने, रेषांच्याच दिशेने फिरवावे व मऊ कापडाने पुसून घ्यावे. कोणताही उपाय प्रथम मेजाच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर करून पाहावा. एवढ्यानेही डाग न हटल्यास पॉलिश करणाऱ्या कारागिराला बोलवावे. रिमूव्हर आणि स्पिरिट दोन्ही चटकन पेट घेतात. सणाच्या दिवसांत पणत्या व समई यांच्यापासून ती दूरच ठेवावीत.

आमच्या मेजाला कारागिराने पुन्हा पॉलिश केले. तरी निरखून पाहिल्यास जागा ओळखू येते. परवा नातीने तेथे बोट ठेवून हळूच विचारले, “आजोबा, हा माझा डाग ना?”

मी म्हणालो, “नाही बाळ. तुझा डाग केव्हाच गेला. हा माझ्या घाईचा आहे.”