तांबड्या ताऱ्याचं विमान नक्की कुणाचं?

आमच्या घरात एक फोटो आहे. सहा जवान ओळीने उभे आहेत, मागे एक भलं मोठं दोन इंजिनांचं विमान. डावीकडून दुसरे आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात ते लॉरी ड्रायव्हर होते, बसऱ्याकडे. घरात या फोटोला एकच नाव होतं, "आबांचं रशियन विमान". लहानपणी मी शाळेत मित्रांना सांगायचो की आमच्या आजोबांनी रशियन बॉम्बर पाहिलाय! तेवढ्यावर दोन वर्षं भाव खाल्ला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात शिरलं. ट्रंकेतली कागदपत्रं गेली, बरेच फोटो एकमेकांना चिकटून गेले. हा एक वाचला, कारण तो भिंतीवर उंच टांगलेला होता. पाणी ओसरल्यावर तात्यांनी (थोरले काका) तो फ्रेममधून काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना, याचं काहीतरी कर बाबा. पुढच्या पुरात हाही जायचा."

मी पुण्याला येऊन तो स्कॅन केला. मग शनिवार मोकळा होता, म्हटलं विमान नक्की कुठलं ते शोधून काढू. तिथून पुढे जे झालं त्याबद्दल हे लिहितोय, कारण त्यात माझी चांगलीच फजिती झाली आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली.

सुरुवात सोपी होती. फोटो एका ॲपला दाखवला, त्याने क्षणात सांगितलं: पेत्ल्याकोव्ह पे-२. सोव्हिएत हवाई दलाचा सगळ्यात गाजलेला दोन इंजिनांचा बॉम्बर, अकरा हजारांवर बांधले गेले. मी स्कॅनचा कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिलं तर विमानाच्या अंगावर, शेपटीच्या अलीकडे, पुसटसा गडद तारा दिसला. झालं! तारा आहे, बसरा आहे, आबा स्वतः रशियन म्हणायचे. तात्यांना लगेच फोन केला, "पे-२ आहे!" तात्या खूष.

रविवारी सकाळी चहा घेता घेता पुन्हा फोटो उघडला आणि पहिला खडा लागला. पे-२ ची इंजिनं पाण्याने थंड होणारी, त्यामुळे त्यांचं तोंड निमुळतं. आमच्या फोटोतलं इंजिन समोरून चक्क गोल, डब्यासारखं. म्हणजे हवेने थंड होणारं, ज्यात सिलिंडर वर्तुळात मांडलेले असतात. (इथेही फसायला जागा आहे. तुपोलेव्हच्या एसबी या बॉम्बरच्या सुरुवातीच्या विमानांत इंजिन पाण्यावरचंच, पण रेडिएटर बरोबर समोर बसवलेला. जुन्या फोटोत ते हमखास गोल इंजिन वाटतं.) शिवाय पे-२ च्या शेपटीला दोन उभ्या पाती असतात. आमच्या फोटोत एका जवानाच्या टोपीमागून वर आलेलं पातं एकच.

बरं, मग गोल इंजिन आणि एक पातं असलेला सोव्हिएत बॉम्बर? इल्युशिनचा इल-४. तोही खूप बांधला गेला, बर्लिनपर्यंत जाऊन आलेला. मी म्हटलं, चला, नाव बदललं तरी रशियन तर आहे. तेवढ्यात दुसरा खडा लागला, आणि तो जास्त मोठा होता.

त्या काळातली बहुतेक विमानं जमिनीवर उभी असताना नाक वर करून, शेपूट टेकवून बसायची. दोन चाकं पुढे आणि एक छोटं चाक शेपटीखाली. युद्धात मोठ्या संख्येने वापरलेले सगळे सोव्हिएत बॉम्बर या घडणीचे: एसबी, इल-४, पे-२, तू-२, चार इंजिनांचा पे-८ सुद्धा. आमच्या फोटोतलं विमान मात्र सपाट उभं आहे, जमिनीला समांतर. आणि आबांच्या शेजारच्या जवानाच्या दोन पायांमधून, अगदी स्पष्ट, नाकाखालचं चाक दिसतंय. इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांनी त्या फोटोतले चेहरे पाहिले. पायांकडे कोण बघतो?

नाकाखाली चाक, दोन गोल इंजिनं, सडपातळ अंग, एक उंच पातं. हे वर्णन एका विमानाला चपखल बसतं: डग्लस ए-२०, ऊर्फ बोस्टन. अमेरिकन. (त्याच काळातलं बी-२५ सुद्धा नाकाखाली चाक असलेलं, पण त्याच्या शेपटीला दोन पाती.)

तात्यांना सांगितलं. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "म्हणजे आबा खोटं बोलले म्हणतोस?"

खरं सांगतो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आपला बरोबर उत्तर सापडल्याच्या आनंदात होतो. प्रश्न फक्त विमानाचा नव्हता हे नंतर लक्षात आलं. १९४३ साली आबा तिकडे इंग्रजांच्या फौजेत लॉरी चालवत होते, तेव्हा इकडे आमच्याच भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. जूनमध्ये तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटली. पुढे गावात मान कुणाला मिळाला असेल हे सांगायला नको, आणि तो मिळायलाच हवा होता. फौजेतून परत आलेल्या माणसाने काय सांगायचं? "मी इंग्रजांची लॉरी चालवली"? त्यापेक्षा "हिटलरविरुद्ध लढणाऱ्या रशियाला आम्ही सामान पोचवलं" हे सांगणं सोपं गेलं असणार. हा माझा अंदाज आहे. पण त्या गोष्टीचा घरातला एकुलता एक पुरावा म्हणजे हा फोटो, आणि मी एका रविवारी तो उडवून लावला होता.

मग मात्र नीट वाचायला घेतलं. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये शिरल्या, दक्षिणेकडून ब्रिटिश, उत्तरेकडून सोव्हिएत. ब्रिटिश बाजूच्या फौजेत मोठा भरणा भारतीय जवानांचा होता. पुढे इराणमधून रशियाला मदत पोचवण्याचा मार्ग सुरू झाला. रेल्वे आणि लॉऱ्यांचे तांडे उत्तरेकडे जायचे आणि त्यातल्या कित्येक लॉऱ्या भारतीय ड्रायव्हर चालवायचे. या कामासाठी रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या दोन भारतीयांना सोव्हिएत सरकारने 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार' दिला, हवालदार गजेंद्र सिंग चंद आणि सुभेदार नारायण राव निक्कम. दुसरं नाव वाचून मी खुर्चीतून उठलोच, हा तर आपला निकम! साताऱ्याकडचाच असणार! तर नाही, ते तामिळनाडूचे. ताऱ्यावरून विमान ओळखलं तसंच आडनावावरून गाव ओळखलं. एकाच महिन्यात दुसऱ्यांदा तोंडावर पडलो.

असो. मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. बसऱ्याच्या जवळच, शत्त-अल-अरबच्या काठी, आबादान. तिथे डग्लस कंपनीचा जोडणी कारखाना होता. अमेरिकेतून आलेली विमानं तिथे तयार करून सोव्हिएत वैमानिकांच्या ताब्यात दिली जायची, तांबड्या ताऱ्यासकट. बोस्टन विमानं त्यातली महत्त्वाची. सोव्हिएत हवाई दलाला बोस्टन मिळाली ती तीन हजारांच्या घरात. म्हणजे ती रशियन कामगिरीवर गेली, रशियन वैमानिकांनी उडवली, जर्मनांवर रशियन बॉम्ब टाकायला वापरली गेली.

आणि फोटोतला तारा? अमेरिकेचा तारा पांढरा, तो कितीही जुन्या कृष्णधवल फोटोत चकाकून दिसतो. हिरवट रंगावरचा तांबडा तारा मात्र फोटोत जवळजवळ विरघळून जातो. आमच्या फोटोतला तारा पुसट आणि गडद आहे. विमान अमेरिकन, तारा रशियन. आबांनी ते जिथे पाहिलं तिथे ते रशियनच होतं!

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा घोळ लगेच कळेल. टेबलात एकच कॉलम आहे, नाव 'विमान कुणाचं', आणि त्यात तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं कोंबली आहेत. बनवलं कुणी? फोटो काढला तेव्हा ताब्यात कुणाच्या? आणि काम काय करत होतं? आबा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत होते, मी पहिल्याचं, आणि दोघंही बरोबर असताना भांडण लागलं.

हे फक्त आमच्या फोटोचं नाही. स्पेनच्या यादवी युद्धात एसबी बॉम्बर स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या खुणा घेऊन उडाले. फिनलंडने हाती आलेले सोव्हिएत बॉम्बर स्वतःच्या हवाई दलात घेतले आणि त्यांवर निळं स्वस्तिक रंगवलं. ते स्वस्तिक १९१८ पासून फिनलंडचं, हिटलरशी संबंध नाही. असा फोटो पाहून कुणीही छातीठोकपणे 'जर्मन विमान' लिहील आणि दोनदा चुकेल.

आणि आपल्याकडे? देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६४ मध्ये मॉस्कोला गेले, मिग-२१ चा करार पक्का झाला, ओझरला कारखाना उभा राहिला. तिथे बांधलेल्या विमानांना आपण सप्टेंबर २०२५ मध्ये ती निवृत्त होईपर्यंत 'रशियन मिग'च म्हणत आलो, नाशिकचं कुणी म्हटलं नाही. १९७१ च्या युद्धात तर आपल्या हवाई दलाने सोव्हिएत बनावटीची ए.एन.-१२ ही मालवाहू विमानं रात्री बॉम्ब टाकायला वापरली. त्या विमानाचा फोटो दाखवून विचारलं, "हा सोव्हिएत बॉम्बर आहे का?", तर काय सांगाल?

इतकं लांब कशाला, आबांचंच घ्या. ते भरती झाले तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये ते दक्षिण साताऱ्यात गेलं आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. आबा जागचे हलले नाहीत, पण कागदावर तीन जिल्ह्यांचे झाले. मग ते साताऱ्याचे की सांगलीचे? कुठल्या सालचं विचारताय, त्यावर आहे!

म्हणून माझं मत असं झालंय की जुन्या फोटोतलं विमान ओळखताना खुणांपासून सुरुवात करू नये. रंग कुणीही, कधीही बदलतो. आधी चाकं बघा, मग इंजिनाचं तोंड, मग शेपटीची पाती. कारण हे बदलायला कारखाना लागतो आणि तारा बदलायला एक ब्रश पुरतो. तारा शेवटी बघा, पण बघाच. विमान कुठून आलं ते चाक सांगतं, कुणाकडे गेलं ते तारा सांगतो. आणि घरातला माणूस काही सांगत असेल तर त्याला खोटं ठरवण्याआधी तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते विचारा.

दुसरं, फोटोमागे नुसतं उत्तर लिहू नका, कशावरून ते लिहा. ॲप कारण सांगत नाही, नुसतं नाव फेकतं, आणि नाव मिळालं की आपण बघायचं थांबतो. मी थांबलोच होतो की.

सातारा-सांगलीकडे अशा फोटोंना तोटा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला उगाच 'मिलिटरी' म्हणत नाहीत, त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. किती घरांच्या भिंतींवर बसरा, इटली, ब्रह्मदेश टांगलेले असतील! त्यातले चेहरे ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. आणि आमच्याकडे २०१९ नंतर २०२१ मध्येही पूर आला. या दिवाळीला गावी गेलात तर भिंतीवरचा फोटो खाली काढा, मोबाइलवर पुढून-मागून टिपून घ्या आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

आमच्या फोटोमागे आता पेन्सिलीने लिहिलंय: "डावीकडून दुसरे आबा. बसऱ्याच्या बाजूला, बहुधा आबादान, १९४३ च्या आसपास. विमान डग्लस बोस्टन, अमेरिकन बनावट (नाकाखालचं चाक, गोल इंजिन, एक पातं). तारा सोव्हिएत (पुसट, गडद)."

तात्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. मग माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: "आबा याला रशियन विमान म्हणत." पेन्सिल परत देताना म्हणाले, "हे पण राहू दे."

राहू दिलंय.