खेचरासाठी सॅक कशाला घ्यायची?

मे महिना जवळ आला की आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून हिमालयाची तयारी सुरू होते. कुणाचा नातू सार पासला निघतो, कुणाची सून केदारकंठाला. आणि दरवर्षी एकच सल्ला घरोघर फिरतो : "70 लिटरची मोठी सॅक घ्या, शिवाय एक छोटी घ्या. मोठी खेचरावर टाकायची, छोटी आपल्या पाठीवर. ऑफलोडिंगचे पैसे भरून मोकळे व्हा, कटकट नको." या सल्ल्याला माझा साफ विरोध आहे. धडधाकट माणसाने एकच सॅक घ्यावी, 45 ते 50 लिटरची, आणि ती पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत स्वतःच्या पाठीवर न्यावी.

यात तत्त्वज्ञान नाही, आधी जिवाचा प्रश्न आहे. सार पास सुमारे 13,800 फुटांवर. त्या उंचीवर सकाळी लख्ख ऊन असतं आणि दुपारी ढग येतात. मे महिन्यातसुद्धा बर्फ पडतो. आता बघा, मुलाच्या छोट्या पिशवीत काय असतं? पाण्याची बाटली, गॉगल, पॉवर बँक, चिप्सचं पाकीट. जाड जॅकेट, हातमोजे, कोरडे मोजे हे सगळं मोठ्या सॅकमध्ये, आणि ती सॅक खेचरावर. खेचरांची वाट पुष्कळदा वेगळी असते, आणि खेचरवाला तुमच्या मुलाची वाट बघत थांबत नाही. त्याला मुक्कामी पोचून माल उतरवायचा असतो. अंगावरचे कपडे भिजले आणि वारा सुटला, तर शरीराचं तापमान उतरायला शून्याखालची थंडी लागत नाही. आधी कुडकुडणं, मग बोटं न वळणं, मग बोलणं अडखळणं. त्या वेळी जॅकेट पाच मिनिटांत हातात हवं. संध्याकाळी तंबूत मिळून काय उपयोग?

"पण वजन झेपणार नाही हो काका!" हे मला नेहमी ऐकवलं जातं. अरे, वजन डोंगराचं नाहीच, आपल्या घरचं आहे. दोन जीन्स, पाच टी-शर्ट, शांपूची अख्खी बाटली, आईने दिलेला किलोभर चिवडा, वर लाडवाचा डबा. 70 लिटरची सॅक घेतली की ती भरणारच, रिकामी जागा आपल्या लोकांना बघवत नाही. जन्मभर आकडेमोड केलेल्या माणसाचा हिशोब ऐका. रिकामी सॅक दीड किलो. स्लीपिंग बॅग न्यावी लागली तर ती दीड किलो. जॅकेट, लोकरी टोपी, हातमोजे मिळून एक किलो. कपड्यांचे दोन जोड, मोजे आणि पावसाचा पोंचो दोन किलो. पाणी दोन लिटर म्हणजे दोन किलो. औषधं, टॉर्च, सुका खाऊ एक किलो. झाले नऊ. 60 किलोच्या माणसाने शरीराच्या पाचव्या हिश्शापर्यंत, म्हणजे 12 किलो उचलायला हरकत नसते. शिल्लक तीन किलो. जीन्स मात्र त्यातही बसवू नका. भिजली की वाळत नाही आणि ओली असताना दगडासारखी जड होते.

आता सॅक कशी घ्यावी. लिटर नंतर बघा, आधी पाठ मोजा. मान खाली वाकवली की मानेच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेप धरा. त्या मापाची सॅक हवी, किंवा पट्टे वरखाली सरकवता येणारी. कमरपट्टा रुंद आणि जाड हवा, आणि तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. चांगल्या सॅकमध्ये बहुतेक वजन कमरेवर उतरतं, खांद्यांनी फक्त तोल धरायचा. दोन्ही बाजूंना आवळायचे पट्टे हवेत. हे फार महत्त्वाचं, कारण खिंडीच्या दिवशी सामान कमी असलं तर तीच सॅक आवळून लहान करता येते, दुसरी छोटी पिशवी लागतच नाही. खालच्या बाजूला वेगळी चेन असली तर स्लीपिंग बॅग काढायला सगळं उचकावं लागत नाही. भरताना जड वस्तू पाठीला चिकटून मध्यावर, पोंचो आणि जॅकेट सगळ्यात वर. रेनकव्हरवर विसंबू नका. पाठ आणि सॅक यांच्यामधून पाणी उतरतंच, म्हणून आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात सामान भरा. आणि सेल लागला म्हणून मोबाईलवरून मागवू नका. दुकानात जा, दहा किलो भरून पाठीवर घ्या, जिना चढून बघा.

जुनं ते सोनं म्हणणारा मी नव्हे. आमच्या वेळी महूच्या बाजारातून लष्कराचा जुना कॅनव्हासचा पिट्टू आणायचो. कमरपट्टा नाही, रिकामाच जड, पाऊस पडला की आणखी जड, संध्याकाळी खांद्यांवर लाल वळ. आजच्या सॅक त्याच्या शंभरपट सुखाच्या आहेत. मग इतकी सोयीची वस्तू हजारो रुपये देऊन घ्यायची आणि खेचराच्या पाठीवर दोरीने करकचून बांधायची, हे कुठलं शहाणपण? तिथे पट्टे तुटतात, बकलं फुटतात. खेचराला कमरपट्ट्याचा काय उपयोग, त्याला पोतं बरं!

कुणी म्हणेल, खेचरवाल्यांच्या पोटावर पाय देता का? मुळीच नाही. तंबू, शिधा, गॅस, भांडी हे सगळं तेच नेतात आणि नेत राहतील. गुडघे दुखणारे, पाठीचं ऑपरेशन झालेले, साठीपुढचे यांनी खुशाल पैसे देऊन सामान द्यावं, त्यात कमीपणा नाही. पण त्यांनीसुद्धा जॅकेट, पोंचो आणि कोरडे मोजे स्वतःजवळच ठेवावेत. माझं भांडण आहे ते 22 वर्षांच्या ठणठणीत पोरांशी, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांशी, जे घरूनच "तू काही उचलू नकोस रे बाळा" म्हणून पैसे भरून टाकतात.

तीच सॅक मालवा एक्सप्रेसच्या बर्थखाली मावते, पुण्याच्या लग्नाला चालते, होस्टेलला चालते. 70 लिटरची माळ्यावर पडून राहते. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या माळ्यावर आत्ता एकेक असेल.

तर या मे महिन्यात ज्यांची मुलं निघणार आहेत त्यांनी सामानाची यादी वजनासकट कागदावर लिहावी, आणि पुढच्या तीन रविवारी भरलेली सॅक घेऊन मुलांना जानापाव चढायला लावावं. यादी इथे टाका, मी तपासून देतो. चिवड्याला पाव किलोपर्यंत मंजुरी आहे.